चारा कोण वाहणार?

माणूस दुसऱ्या ताऱ्यावर पोहोचणार नाही, असं मी पहिल्यांदा चारचौघांत सुचवलं ते आखाडा बाळापूरच्या एका शाळेच्या मांडवात. मांडव हसला. हसणाऱ्यांत मास्तर होते, गावातले पुढारी होते, आणि तो मांडववालाही होता, ज्याच्या खुर्च्या त्याच सकाळी मी माझ्या ट्रकमधून फुकट आणून दिल्या होत्या. इतकी वर्षं गेल्यावर माणसं आपल्या आठवणींत लिहितात, 'मी त्या सगळ्यांना केव्हाच माफ केलं.' मी केलेलं नाही.

मी तांड्यावरचा. आमची माणसं एके काळी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर हिंडायची. त्या धंद्याला आमच्यात लदेणी म्हणतात. माझ्या वाट्याला लदेणी आली नाही, तिच्या गोष्टी तेवढ्या आल्या; आणि पोटासाठी आली वारंगा फाट्यावरची हमाली. डोंगरकडा गावच्या केळीचे घड ट्रकमध्ये रचता रचता मी क्लीनर झालो, क्लीनरचा ड्रायव्हर झालो, आणि एक दिवस दार सुतळीने बांधलेल्या एका ट्रकचा मालक झालो. कुणी हात दिला नाही. दिला होता असं आता जे सांगत फिरतात, त्यांना मी तोंडावर विचारतो, कोणता हात, डावा का उजवा? जोडीला बैलांची खरेदी-विक्री होतीच. मला राग लवकर येतो. तोही मी धंद्याला जुंपला. समोरचा बिचकला की भाव उतरतो.

तर नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. हिंगोली अजून वेगळा जिल्हा झाली नव्हती, कागदोपत्री आम्ही परभणीचे. माझी मुलगी बाळापूरला आठवीत होती. तांड्यावरून सायकलने जायची आणि विज्ञानात पहिली यायची. शाळेत विज्ञान मेळावा ठरला, त्याला शहरातल्या कॉलेजातले एक प्राध्यापक भाषणाला यायचे होते. खुर्च्या, कर्णे आणि सरांची मोठी दुर्बीण आणायचं काम मुलीने परस्पर माझ्या गळ्यात घातलं. "आमचे बापू आणतील," असं तिने शाळेत सांगूनच टाकलं होतं. कळमनुरीपासून नांदेडपर्यंत मला असा बिनभाड्याने कुणी राबवला नव्हता.

सर बोलायला चांगले होते, हे कबूल करतो. आपल्या सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा इतका दूर आहे की त्याचा उजेड इथवर यायला चार वर्षांहून जास्त लागतात, असं त्यांनी सांगितलं. आपलं वेगातलं वेगात यान सोडलं तरी त्याला तिथं जायला हजारो वर्षं लागतील.  मी मागे खांबाला टेकून उभा होतो, आणि मनात त्या वाटेचे मुक्काम मोजायला लागलो. ट्रकवाल्याला अंतर लवकर कळतं. मग सर म्हणाले, "पण माणूस थांबणार नाही. अधिक शक्तिशाली इंजिन बनवेल, अधिक इंधन घेईल आणि निघेल!" टाळ्या पडल्या.

इथं माझं डोकं अडलं. मी हात वर केला नाही, तशी सवय नव्हती, सरळ बोललो. "साहेब, एक विचारू का? इंधन जास्तीचं घेतलं, तर ते जास्तीचं इंधन वढायला अजून इंधन लागंल का न्हाई? बैल आपलाच चारा पाठीवर वाहून राहिला, तर गोणी कोण वाहणार?"

सरांनी चष्मा वर सारला, माझ्याकडे पाहिलं. धोतर, खांद्यावर रुमाल, हातावर ग्रीस. ते हसून म्हणाले, "पाहुणे, रॉकेटला चारा लागत नाही."

मांडव फुटला. लेकरं मांड्या बडवून हसली. एक मास्तर मागून म्हणाले, "बसून घ्या हो. विषय वरचा आहे जरा." मी बसलो नाही. मी मुलींच्या रांगेकडे बघत होतो. माझी मुलगी तिसरी बसली होती. तिने ओढणी तोंडावर धरली होती आणि तिचे खांदे हलत होते. ती रडत असेल असं मला वाटलं. ती हसत होती.

मी बाहेर आलो, ट्रक चालू केला आणि वारंगा फाट्याला निघून आलो. दुर्बिणीची पेटी अजून मागे ट्रकमध्येच होती. ती मेळाव्यानंतर उतरवायची ठरली होती. विसरलो, असं मी नंतर शाळेत सांगितलं. विसरलो नव्हतो.

दिवस मावळायच्या आत सर फाट्यावर हजर. कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून आले होते, केसांत धूळ. मुलांना दुर्बिणीतून आकाश दाखवायचं होतं, त्यामुळे घाई त्यांना होती. घाई समोरच्याला असेल तर आपण चहा मागवावा. मी चहा मागवला.

हॉटेलाच्या बाकड्यावर माझ्या शेजारी गॅरेजवाला मिस्त्री बसला होता. माझ्या ट्रकचा आणि माझ्या तोंडाचा कुणाला पत्ता असेल तर तो त्याला. पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेलं मुसलमान घर. रागावला की मराठी बोलायचा, गंमत करायची असली की दखनी. तो सरांना म्हणाला, "बैठो साब. सेठ का दिमाग गरम है. पानी डालेंगे तो भाप निकलेगी."

सर म्हणाले, "पेटी द्या हो. मुलं खोळंबलीत. मी गमतीनं बोललो."

"गमतीचं ऱ्हाऊ द्या," मी म्हणालो. "चूक असंल तर चूक म्हणा. बराबर असंल तर बराबर म्हणा. ह्या दोन्हींत गंमत कुठंय?"

आणि मी त्यांना आजाकडून ऐकलेला हिशोब मांडून दाखवला. चहाचा रिकामा ग्लास म्हणजे बैल. भुईमुगाच्या शेंगा म्हणजे चारा. बैलाच्या पाठीवर दोन गोणी, एक डाव्या अंगाला, एक उजव्या. वाटेत गवत असलं तर दोन्हींत मीठ भरा. गवत नसलं, तर वाट जितकी लांब तितकी शेंगांची जागा वाढते. एक वाट अशी येते की दोन्ही गोण्या चाऱ्यानेच भरतात आणि मिठाचा एक खडा मावत नाही. मग चाऱ्यासाठी दुसरा बैल घ्या. त्यालाही तोंड आहे. त्याच्या चाऱ्याला तिसरा. मी टेबलावर ग्लासामागे ग्लास लावत गेलो. शेवटी हॉटेलवाल्याचे सगळे ग्लास लागले आणि मीठ तेवढंच राहिलं, चिमूटभर.

"आजा म्हणायचा, लदेणी बैलावर चालली न्हाई, वाटंवरल्या फुकटच्या गवतावर चालली. माझे ट्रक केळी घेऊन पार उत्तरेत जातात ते बी वाटंवरल्या पंपांवर. तुमच्या ताऱ्याच्या वाटंवर गवत दाखवा. एक काडी दाखवा."

 सरांनी खिशातून पेन काढला, टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या कडेला काहीबाही लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मिस्त्रीने तेवढ्यात एक बैल उपाशी मारला, म्हणजे शेंगा खाऊन टाकल्या. सर हळूच म्हणाले, "तुमचं अगदी बरोबर आहे. हेच खरं अडतं. वेग दुप्पट पाहिजे असेल तर इंधन दुप्पट पुरत नाही, कितीतरी पटीनं लागतं. आमच्यात याचं समीकरण आहे."

"मग मांडवात हसला काहून?"

"चुकलं माझं."

हे वाक्य मी ऐकलं, मिस्त्रीने ऐकलं, आणि हॉटेलातल्या माशांनी ऐकलं. जिने ऐकायला पाहिजे होतं ती तिसरी बसलेली मुलगी तिथं नव्हती.

म्हणून मी सौदा टाकला. हे त्यांनी मांडवात बोलायचं. आज घाई आहे, तर पुढच्या मेळाव्यात, लेकरांसमोर, कर्ण्यावर. सर म्हणाले, बोलेन. मी खांद्यावरचा रुमाल काढला, आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि रुमालाखाली त्यांचा पंजा धरला.

बैलबाजारात भाव मोठ्याने बोलत नाहीत. रुमालाखाली हात जातात. एक बोट दाबलं तर एक, पुरा पंजा धरला तर पाच. बघणारे फक्त तोंडं बघतात आणि तोंडावर काही दिसू द्यायचं नसतं. जमलं की हात दाबायचा आणि रुमाल झटकायचा. साक्षीदार नसतो, कागद नसतो. तरी त्या रुमालाखालचा शब्द मोडलेला मी अजून पाहिला नाही.

मी पुरा पंजा धरला. पाच वाक्यं. सरांना आधी कळेना, मग मी समजावल्यावर त्यांना मजा वाटली. त्यांनी माझी तीन बोटं मिटवली. दोन. मी एक उघडलं. त्यांनी पुन्हा मिटवलं. गडी कच्चा नव्हता. दोनवर सौदा तुटला, म्हणजे ठरला: प्रश्न बरोबर होता. तो लदेणीवाल्यांचा होता. मी हात दाबला, रुमाल झटकला आणि पेटी स्वतः मोटारसायकलवर बांधून दिली.

ते गेल्यावर मिस्त्री म्हणाला, "सेठ, कागज पे लिखा लेना था."

"रुमालाखालचं लिहून घेत न्हाईत."

"वो बाजार का आदमी नईं ना, कॉलिज का है."

मी त्यालाच शिव्या घातल्या. तो शब्द कागदावर न घेणं ही आयुष्यात मी केलेली सर्वांत महाग चूक, आणि ती आमच्यासारख्यांनाच करता येते. रुमालाखालचा शब्द पाळला जातो तो माणसं भली असतात म्हणून नव्हे. ज्याने मोडला त्याच्या हातावर पुन्हा कुणी रुमाल टाकत नाही, आणि त्याला दर आठवड्याला त्याच बाजारात यायचं असतं, म्हणून पाळला जातो. सरांना कोणत्या बाजारात परत यायचं होतं?

पुढच्या वर्षी मेळाव्याला दुसरेच कुणी आले. त्याच्या पुढच्या वर्षी मेळावाच झाला नाही. मी मुलीला काही सांगितलं नाही. सरांच्या तोंडून तिला कळणार, तेव्हा आपण आधी सांगून मालाची किंमत काहून घालवायची, असं माझं डोकं चाललं. मुलगी दहावी झाली, बारावी झाली, नांदेडला बी.एस्सी. झाली, मग बी.एड. आणि डोंगरकड्याच्या एका शाळेत विज्ञानाची मॅडम झाली. मधल्या काळात मी ट्रक घेतले, एक विकला, दोन भांडणं कोर्टात नेली. हिंगोली जिल्हा झाली. मनातून मात्र तो मांडव काही उठला नाही.

मुलगी नोकरीला लागली त्याच वर्षी तिने एक पातळ पुस्तिका घरी आणली. लेखक तेच सर. शाळांना वाटण्यासाठी छापली होती. ती संध्याकाळी ओट्यावर बसून आईला वाचून दाखवत होती. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. इथं मराठीत लिहितो.

"बापू, ऐका. तुमचं आलंय ह्यात."

मी ट्रकखालून निघाल्यासारखा ताठ झालो.

ती वाचू लागली. "'एकदा एका खेड्यात मी अडाणी बांधवांना हा विषय समजावत होतो. त्यांना कळावं म्हणून मी बैलाचं उदाहरण दिलं. बैल आपलाच चारा वाहू लागला, तर गोणी कोण वाहणार?'" पुढे ग्लासांचं चित्र होतं. ग्लासांचं! फक्त ग्लासांच्या जागी बैल काढले होते.

"कसलं भारी सांगितलंय," ती म्हणाली. "तुमी तवा मांडवात कायतरी विचारलं होतं ना? मग सरांनी हे बैलाचं सांगून तुमाला समजावलं."

"मला? त्यानं मला समजावलं?"

"मग? मला आठवतंय की."

"आणि तू हसली ते आठवतंय का?"

"मी कशाला हसू?"

मी ओरडलो. ते सगळं माझं आहे, माझ्या आजाचं आहे, फाट्यावर मी ग्लास लावले, त्याने रुमालाखाली शब्द दिला, असं सगळं एका दमात, तेही तोंडातून शिव्या येत असताना. अशा वेळी माझं खरंही खोटं वाटतं. मी पुस्तिका हिसकावून अंगणात भिरकावली. मुलगी उठली, तिने ती उचलली, धूळ झाडली आणि शांतपणे म्हणाली, "बापू, छापलेलं हाय ते."

बायको म्हणाली, "तुमाला कुणाचं चांगलं झालेलं बघवतच न्हाई."

छापलेलं आहे.  मी जन्मभर भाव केले, पण छापलेल्या भावाशी घासाघीस करता येत नाही. माझ्या स्वतःच्या मुलीच्या डोक्यातून माझा प्रश्न उचलून त्याने आपला ठेवला होता, आणि मी बाप म्हणून तिच्यासमोर आता फक्त एक अडाणी बांधव होतो. मला पैसा नको होता, शाल नको होती. तिच्या डोक्यातली ती जागा मला परत पाहिजे होती.

दोन महिन्यांनी कळलं की तिने त्याच सरांना आपल्या शाळेत बोलावलंय. ती मला म्हणाली, "तुमी येऊ नका. आलात तर गप बसा. माझी नोकरी नवीन हाय."

मी म्हणालो, "बघू."

"बघू न्हाई. शब्द द्या."

मी दिला नाही. दिलेला शब्द मला पाळावा लागतो.

भर दुपारी भाषण होतं. सर पिकले होते, आवाज तसाच. लोडशेडिंगमुळे पंखे बंद, कर्णा बॅटरीवर. चाऱ्याचं उदाहरण त्यांनी पहिल्या दहा मिनिटांतच दिलं, "मी एकदा खेड्यात" म्हणून, आणि मुलं त्याच्यावर टाळ्या वाजवून हसली. मी तिसऱ्या रांगेत. मुलगी व्यासपीठाच्या कडेला हातात हार, शाल, नारळ घेऊन उभी. तिने माझ्याकडे असं बघितलं की केळीचा घड असता तर काळा पडला असता. मी गप्प बसलो.

आता सर पुढं गेले होते. इंधन वाहायचंच नाही, म्हणाले. पातळ पडदा लावायचा आणि इथून प्रकाशाचा जबर झोत टाकून त्याला ढकलायचं. म्हणजे गवत वाटेवर नाही, तर वाराच मागून. चलाख विचार होता. पण वर्षानुवर्षं तो झोत चालू कोण ठेवणार? मी बंद पंख्याकडे बघितलं. आणि तिकडं पोहोचल्यावर थांबायचं कसं? उताराला लागलेल्या ट्रकला ब्रेक नसला तर काय होतं ते मिस्त्रीला विचारा. दुसरा मार्ग त्यांनी सांगितला तो असा की मोठं यान बांधायचं, त्यात कुटुंबंच्या कुटुंबं न्यायची. जाणारे वाटेत मरतील, लेकरं वाटेत होतील, पोहोचतील ती पंतवंडं. मी मनात म्हटलं, वा रे वा, तांडा आकाशात चालला! पण तांड्यातलं लेकरू वाटेत जन्मलं तरी त्याला वाट सोडून शेती धरायची मोकळीक होती. आमच्या लोकांनी धरलीही. या यानातल्या लेकराने कुठं उतरायचं? न जन्मलेल्याच्या वतीने हा सौदा करायला याला कुणी दलाल नेमलं?

भाषण संपलं. "कुणाला काही शंका?" मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली.

फाट्यावर त्या दिवशी मी सगळी जनावरं दाखवली नव्हती. एक दावणीलाच ठेवलं होतं. मी उठलो. आता हात वर केला.

"सर, माझ्या आजाच्या आजाची गोष्ट हाय. त्यांचा तांडा मीठ आणायला समुद्राकडं गेला. बैलांची चाल, जायला-यायला महिनेच्या महिने. मीठ लादून परत आले, तर बाजारात मिठाचे ढीग. ते गेल्यावर मागून आगगाडी सुरू झाली होती. जे आधी निघाले ते मागून पोचले. त्यांचं मीठ कुणी हुंगलं बी न्हाई. आता तुमचं यान आज निघालं तर पिढ्या जाणार. तेवढ्यात इथं जास्तीच्या वेगाचं यान होणार, ते मागून निघून पुढं जाणार. मग आज निघायचं कुणी? उद्या निघणाऱ्याला बी परवाचं भेव. सगळेच थांबले तर निघणार कोण?"

मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. "मिठाचं काय मधीच?" आणि त्याच्यामागून चार पोरं हसली. तोच जुना हशा, दहा वर्षांनी. मी मुलीकडे बघितलं. ती हसत नव्हती. ती हसणाऱ्या पोरांकडे बघत होती, बराच वेळ, जणू त्यांतलं एखादं तोंड ओळखीचं आहे.

सर मात्र हसले नाहीत.  "निघणाऱ्यानं किती थांबायचं," ते म्हणाले, "याचं उत्तर... माझ्याकडं तयार नाही." मग खाली उतरून थेट माझ्याकडे आले, हात पुढे केला. "सुंदर उदाहरण आहे. हे मी वापरलं तर चालेल? आपण भेटलोय का कधी?"

"भेटलो. वारंगा फाट्यावर. दोन वाक्यं ऱ्हायलीत तुमच्याकडं."

"कोणती वाक्यं?"

ते नाटक करत नव्हते. बैलव्यापाऱ्याला डोळा कळतो. त्यांना खरंच आठवत नव्हतं. चारा आपलाच आहे असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. चोराशी भांडता येतं. याच्याशी काय भांडायचं? तरी मी भांडलो. मास्तर, मॅडम, शिपाई, सगळ्यांसमोर रुमाल, ग्लास, शेंगा, पाचाची दोन झालेली वाक्यं, सगळं सांगितलं. आवाज चढला. मुख्याध्यापक "अहो काका, अहो काका" करत मध्ये आले. सर म्हणाले, "असेल. मला स्मरत नाही. पण हे उदाहरण मी कित्येक वर्षं देतोय."

तेव्हा मुलगी पुढे आली. शाल-नारळ अजून हातातच. मला वाटलं, आता ही मला दाराकडे वळवणार.

"सर," ती म्हणाली, "रॉकेटला चारा लागत नाही, असं तुम्ही त्या दिवशी मांडवात म्हणाला होता."

"मी?"

"हो. 'पाहुणे, रॉकेटला चारा लागत नाही.' सगळे हसले होते. मी पण हसले होते. ओढणी तोंडावर धरून." ती माझ्याकडे बघत नव्हती. "चाऱ्याचं उदाहरण तुमचं असतं, तर चारा लागत नाही असं तुम्ही कसं म्हणाला असता?"

 सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पुढच्या आवृत्तीत बघू," ते म्हणाले.

"पुढच्या नको," मी म्हणालो. "आत्ता बोला. कर्णा हाय, लेकरं हायत."

पण बॅटरी उतरली होती, घंटा झाली होती आणि लेकरं उठून पळत सुटली होती. सरांनी ती दोन वाक्यं म्हटली, खरं. पण सात-आठ मास्तरांसमोर, चपला घालता घालता. ह्याला मी फेड मानत नाही. हार-शाल त्यांना दिली गेली. नारळ मुलीने दिला नाही. गडबडीत राहिला असं ती म्हणते. ती माझी मुलगी आहे, तिचं विसरणं मला कळतं.

संध्याकाळी ती माझ्याच ट्रकमधून घरी आली. पुढे केबिनमध्ये, मांडीवर शाळेच्या कपाटातल्या पाच पुस्तिका आणि तो नारळ. वाटेत गतिरोधकांवर थांबत थांबत तिने लाल पेनाने पाचही प्रतींत 'मी' खोडला आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'एका लदेणीवाल्याने'. 'अडाणी' हा शब्द तिने इतका गिरवला की एका प्रतीत कागद फाटला.

शेवटची प्रत मिटून म्हणाली, "मी हसले होते, बापू."

"ठाऊक हाय."

"मग इतकी वर्षं बोलला काहून न्हाईत?"

"तुझ्या तोंडून पाहिजे होतं."

 तिने नारळ पायाशी ठेवला, घरंगळू नये म्हणून त्यावर पाय ठेवला.

पुढची आवृत्ती निघाली की नाही मला माहीत नाही. त्या पाच सोडून बाकीच्या पुस्तिका सगळ्या शाळांच्या कपाटांत अजून तशाच असतील, त्यांत मी अजून अडाणी आहे, आणि कुठल्यातरी वर्गात लेकरं त्यावर टाळ्या वाजवत असतील. माणूस ताऱ्यांवर जाईल की नाही, हे मुलगी आता वर्गात शिकवते. ती म्हणते, जाईल, वेळ लागेल. मी म्हणतो, जाणार नाही. जेवताना आमचं यावरून रोज वाजतं. ती मिठाचा प्रश्न सोडवायला बसली आहे, वहीत आकडे मांडते, आणि अजून तिला तो सुटलेला नाही. सुटला तर तिने आधी मला सांगायचं, असं ठरलं आहे. रुमालाखाली नाही. आईसमोर, मोठ्याने बोलून.